फक्त पिंजऱ्यात उरलेली प्रजाती 'वाचली' म्हणायची का?

अबोली_

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

गेल्या रविवारी भाचीला घेऊन प्राणीसंग्रहालयात गेले होते. तिथे मिलू नावाचं हरीण आहे. आधी मला वाटलं कोणीतरी चार प्राण्यांचे उरलेले तुकडे जोडलेत. तोंड घोड्यासारखं लांबोडकं, शेपूट गाढवाची, खूर गाईसारखे फाकलेले आणि शिंगं घाईघाईत उलटी बसवल्यासारखी मागे वळलेली. नर गुडघाभर चिखलात उभा होता आणि शिंगांत ओल्या गवताचा हा एवढा भारा अडकलेला. भाची म्हणाली त्याला कोणीतरी काढून द्या ना. तर तिथला माणूस म्हणाला अडकलेलं नाहीये, तो मुद्दाम घालतो, माजावर आले की नटतात.

पाटीवर लिहिलं होतं की हा प्राणी जंगलातून पूर्ण संपला होता, आज जगात आहेत ते सगळे बंदिवासातल्या मूठभर हरणांचे वंशज. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. भाची आठ वर्षांची. तिने विचारलं, मग ह्याच्या आईने जंगल बघितलंच नाही? आजीने? पणजीने? मी नाही नाही म्हणत गेले आणि शेवटी मलाच कसंतरी झालं.

तर प्रश्न असा की जंगलातून संपलेली आणि फक्त पिंजऱ्यात, बागेत नाहीतर परमुलखात उरलेली प्रजाती वाचली म्हणायची, की आपण नुसता नमुना जपून ठेवलाय?

टवाळखोर

मी २०२० पासून वर्क फ्रॉम होम आहे. मूळ अधिवासात (ऑफिसात) माझी नोंद नाही. माझी प्रजाती वाचली का तेवढं कळवा.

जुनाजाणता

अबोलीताई, पहिलाच धागा आणि एकदम मिलूवर, वा.

ह्याची गोष्ट पाटीवर मावणारी नाहीये. चीनमध्ये मोकळे मिलू कित्येक शतकांपूर्वीच संपले होते, उरलेला कळप होता तो बीजिंगच्या दक्षिणेला नानहायझी म्हणून बादशाही शिकारखान्यात, भोवती उंच भिंत आणि आत जायची कोणाला परवानगी नाही. १८६५ मध्ये आर्मां दाविद नावाच्या फ्रेंच पाद्र्याने त्या भिंतीवरून आत डोकावून बघितलं आणि त्याला हे विचित्र जनावर दिसलं. मग खटपटी करून कातडी पॅरिसला पाठवली, पुढे काही जिवंत हरणंही युरोपात गेली. तिकडे त्याला 'पेर दाविदचं हरीण' म्हणतात ते ह्याच्यावरून. चिनी लोक त्याला जे म्हणतात त्याचा अर्थ साधारण 'चौघांपैकी एकही नाही', म्हणजे तुम्हाला वाटलं तेच त्यांनाही वाटलेलं.

१८९५ च्या सुमारास पूर आला, भिंत फुटली, हरणं बाहेर पडली आणि उपाशी लोकांनी मारून खाल्ली. जी थोडी आत राहिली ती १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत सैनिकांनी संपवली. झालं, चीनमधून खातं बंद. मग इंग्लंडात बेडफर्डच्या ड्यूकने युरोपभरच्या संग्रहालयांतून होती नव्हती ती गोळा करून आपल्या वोबर्न ॲबीच्या बागेत ठेवली. अठरा. आजचे सगळे मिलू त्या अठरांतून आलेत.

आता गंमत बघा, तुमच्या भाचीने पणजीपर्यंत विचारलं पण ड्यूककडे आलेल्या हरणांच्याही पणज्या भिंतीआडच जन्मलेल्या होत्या. ह्यांचा पिंजरा खूप जुना आहे.

पूर लक्षात ठेवा, त्यावर परत येतो. आत्ता बाहेर जायचंय.

रोखठोक

माझं मत कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. नमुनाच. वाघ म्हणजे त्याचं जंगल, त्याचं सावज, त्याची हद्द हे सगळं मिळून वाघ. ते काढून घेतलं की उरतं ते पट्ट्यापट्ट्यांचं मांजर. ज्यांचं घरच उरलं नाही त्यांना पिढ्यानपिढ्या सांभाळण्यात पैसा आणि माणसं घालवण्यापेक्षा जे अजून जंगलात आहे ते तरी वाचवा. मेलेल्याला सलाईन लावून काय उपयोग.

शेवाळं

रोखठोक, मी ते सलाईन लावणाऱ्यांपैकी एक, बोला आता :)

माझ्याकडे घरात टकीला स्प्लिटफिन आहेत. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, नराच्या शेपटीला संत्र्याच्या सालीसारखी केशरी कोर, बाकी अंग करडं. दुकानात ठेवला तर कोणी वळूनही बघणार नाही. हा मेक्सिकोतल्या तेउचित्लान गावच्या झऱ्यांमधला. पाणी खराब झालं, परके मासे आले आणि तिथून गेला. उरला कुठे, तर माझ्यासारख्या हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांमध्ये. १९९८ साली इंग्लंडच्या चेस्टर झूमधून पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठाकडे गेल्या, तिथे त्यांनी पैदास केली, आधी टाकीत मग तळ्यात वाढवले, आणि पंधरावीस वर्षांनी परत त्याच नदीत सोडले. आता तिथे वीण होतेय.

हे सगळं कोणीतरी कंटाळा न करता दर आठवड्याला टाकीचं पाणी बदलत बसला म्हणून झालं. मेलेला नव्हता हो तो, बेशुद्ध होता.

(अवांतर : माझ्या एका मादीचं पोट आत्ता टम्म झालंय, ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. रोज रात्री टॉर्च घेऊन बसतोय.)

टवाळखोर

शेवाळं, डोहाळजेवणाला बोलवा. मेनूत डासांच्या अळ्या नसल्या तर येईन.

गुरांचा_डॉक्टर

थोडं आतलं सांगतो. मी काही वर्षं अशा एका पैदास केंद्रात होतो, नाव नको, आमच्याकडे ओरिक्स (लांब शिंगांचं, हरणासारखं वाळवंटी जनावर) होते. बाहेरून वाटतं नर-मादी एकत्र ठेवले की झालं. तसं नसतं. सगळा कारभार एका वंशावळीच्या वहीवर चालतो, आता अर्थात कंप्युटरवर. प्रत्येक जनावराला नंबर, आईचा नंबर, बापाचा नंबर, आणि कोणाची सोयरीक कोणाशी करायची हे त्यावरून ठरतं कारण मूळची जनावरंच इतकी थोडी की सगळेच एकमेकांचे चुलत-मावस. मंगोलियाच्या रानघोड्याचं बघा, जंगलात शेवटचा खात्रीशीर दिसला १९६९ मध्ये, आणि आजचे सगळे साधारण डझनभर मूळ घोड्यांपासूनचे. त्यांची वही प्रागच्या प्राणीसंग्रहालयात ठेवतात. १९९२ पासून मंगोलियात हुस्ताई भागात परत सोडले आणि ते टिकलेत.

पण रोखठोकचं सगळंच चूक नाही. माझ्या डोळ्यासमोरचं सांगतो. एका पहिलटकरणीने वासरू नाकारलं, जवळच घेईना, म्हणून आम्ही ते बाटलीवर वाढवलं. ओरिक्सचं वासरू जन्मल्यावर पहिले काही आठवडे एका जागी दडून बसतं, आई चरून येऊन पाजते. हे आमचं वासरू दडेचना. गेटची कडी वाजली की धावत यायचं. मोठं झालं, कळपात सोडलं तरी कडी वाजली की कळप विरुद्ध दिशेला पळायचा आणि हे एकटं आमच्याकडे. चूक आमचीच होती, आईजवळच ठेवून पाजायची खटपट अजून दोन दिवस करायला हवी होती. त्याला पुढे सोडायच्या यादीत घेतलंच नाही.

आणखी एक, हे कोणी मुद्दाम करत नाही पण होतं. जे जनावर भित्रं, तारांवर धडका मारणारं, ते बंदिवासात लवकर मरतं. जे शांत ते जगतं आणि त्याची पिल्लावळ वाढते. दहाबारा पिढ्यांनी तुमच्या हातात काय राहतं? दिसायला तेच, स्वभावाने निम्मं पाळीव जनावर. म्हणून पिढ्या जितक्या कमी काढाल तितकं चांगलं, लवकर सोडता आलं पाहिजे.

रोखठोक

बघा, आतला माणूसच म्हणतोय.

गुरांचा_डॉक्टर

अहो पूर्ण वाचा. लवकर सोडा म्हणालो, ठेवूच नका नाही म्हणालो.

पानगळ

तुम्ही सगळे हलणाऱ्या जिवांतच अडकलात. झाडांबद्दल पण बोला कोणीतरी, म्हणून मीच बोलते.

फ्रँकलिनिया. पांढरी, कपासारखी फुलं, चहाच्या कुळातलं झाड. अमेरिकेत जॉर्जियातल्या अल्टमाहा नदीकाठी १७६५ मध्ये जॉन आणि विल्यम बार्ट्रम ह्या बापलेकांना दिसलं, पुढे लेकाने बिया आणून फिलाडेल्फियात लावल्या. जंगलात ते शेवटचं दिसलं १८०३ मध्ये. त्यानंतर दोनशे वर्षं लोक त्याच नदीकाठी शोधतायत, एक झाड नाही. आज जगात जिथे जिथे फ्रँकलिनिया आहे ती त्या बार्ट्रमांच्या बागेची कृपा. आता सांगा ते झाड मेलं का? दरवर्षी फुलतं, बी धरतं. झाडाला पिंजरा कळतो का?

दुसरं एकदम उलट. वूडचा सायकॅड, म्हणजे ताडासारखं दिसणारं पण फुलांऐवजी शंकू धरणारं झाड. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओन्गोये जंगलात जॉन मेडली वूडला सापडला, एकच, बऱ्याच खोडांचा, आणि नर. सायकॅडमध्ये नर-मादी झाडं वेगळी असतात. मादी आजवर कोणालाही सापडली नाही. जगभरच्या बागांत आज त्याची भरपूर झाडं आहेत पण सगळी त्याच एका झाडाच्या फुटव्यांपासून, म्हणजे एकच व्यक्ती शेकडो ठिकाणी उभी. शंकू येतात, पराग पडतो, आणि वाया जातो. ड्रोन उडवून त्या जंगलात मादी शोधायचा प्रयत्न चाललाय.

टवाळखोर

१८९५ पासून स्थळं बघतोय आणि अजून योग नाही. दादा, मी तुमचं दुःख समजू शकतो.

पानगळ

टवाळा :)) हसले, पण लंडनच्या क्यू बागेत त्याच्यासमोर उभी होते तेव्हा खरंच हसू नव्हतं आलं. शंभर वर्षांवर तिथे आहे तो. त्याला तू 'वाचला' म्हणशील का? फ्रँकलिनियाला मी हो म्हणेन, ह्याला नाही. त्यामुळे अबोली, तुझ्या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही असं माझं मत.

अजून एक आठवलं, तालिएरा ताड. बंगालातला. आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. शांतिनिकेतनजवळच्या एका गावात रानातलं शेवटचं ज्ञात झाड होतं, १९७९ मध्ये त्याला तो भलामोठा तुरा आला आणि गावकऱ्यांनी भुताचं झाड समजून तोडलं, बिया पिकायच्या आत. सुदैवाने ढाका विद्यापीठाच्या आवारात एक उभा होता, तो २००८ मध्ये फुलला आणि त्याच्या बियांपासून रोपं झाली. एवढ्यावर सगळं टिकलंय.

लुकलुक

पानगळताई, भुताचा किस्सा वाचून काटा आला. म्हणजे तो तीसचाळीस वर्षं नुसता पानं वाढवत थांबलेला आणि फुललाय तोच मारला. वाचनखूण साठवली आहे.

चिकित्सक

एक शंका. मग मका पण ह्यातच धरायचा का? मका जंगलात कुठेच नाही, माणसाने पेरला नाही तर कणसातले दाणे आपोआप सुटतही नाहीत. रेशमाचा किडा घ्या, त्याच्या पतंगाला पंख आहेत पण उडता येत नाही, तुतीचा पाला आपण आणून घातला नाही तर अळी जागची हलत नाही. हे पण 'फक्त बंदिवासात उरलेले'. त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळत नाही.

गुरांचा_डॉक्टर

चिकित्सक, चांगला मुद्दा आहे पण फरक आहे. मका आणि रेशीमकिडा आपण घडवले, त्यांचे रानटी भाऊबंद अजून आहेत. मिलू किंवा रानघोडा आपण घडवलेला नाही, आपण फक्त कोंडलाय. मात्र कोंडून ठेवता ठेवता घडवायला सुरुवात होते ही भीती मी वर लिहिलीच आहे.

टवाळखोर

रेशमाच्या किड्याला पंख आहेत पण उडता येत नाही. आज हा धागा माझ्यावरच लिहिलाय का?

काकस्पर्श

कावळ्यांचा विषय निघाला नाही म्हणून मी येतो. (आयडीवरून कळलंच असेल.)

हवाईचा कावळा, अलाला. जंगलातले शेवटचे दोन २००२ मध्ये दिसले, मग सगळे पिंजऱ्यात. हुशार इतका की काडी घेऊन लाकडाच्या फटीतून खाणं बाहेर काढतो. आता ऐका. संशोधकांनी जंगलातल्या जुन्या ध्वनिफिती आणि बंदिवासातल्या कावळ्यांचे आवाज ताडून बघितले तर बंदिवासातल्यांच्या बोलण्यातून हद्द सांगणारे आवाज जवळजवळ गेलेले. बरोबर आहे, पिंजऱ्यात हद्द कोणाला ओरडून सांगणार? शेजारी तर जाळीपलीकडेच बसलाय.

२०१६ मध्ये पहिले पाच सोडले. तिथे इओ नावाचा ससाणा आहे, म्हणजे ससाण्यासारखा, बुझर्ड म्हणा. आठवड्याभरात तीन गेले. उरलेले दोन परत पकडले, शिकवणी लावली, जिवंत इओ दाखवायचा, सोबत कावळ्यांचा धोक्याचा आवाज लावायचा, म्हणजे डोक्यात बसावं की हा दिसला की लपायचं. मग पुढची तीन वर्षं अजून सोडले, बरेचसे मेले, शेवटी २०२० मध्ये उरलेले पाच परत आत घेतले.

रोखठोक आता म्हणतील बघा मी सांगत होतो. पण थांबा. २०२४ मध्ये पाच कावळे सोडले ते माऊई बेटावर. अलाला मूळचा हवाई ह्या मोठ्या बेटावरचा, माऊई त्याचं गाव नाही. पण माऊईवर इओ नाही. म्हणजे कावळा वाचवायला त्याला परगावी धाडलं.

गुरांचा_डॉक्टर

ह्यावरून कंडोर आठवला. कॅलिफोर्नियाचं ते अजस्र गिधाड. १९८७ मध्ये शेवटचा रानातला पकडला तेव्हा जगात एकूण २७ होते. त्यावरून तेव्हा भांडणं झाली, काही लोक म्हणत होते पकडू नका, सन्मानाने मरू द्या. पिल्लांना माणूस दिसू नये म्हणून कंडोरच्या डोक्यासारखं हातमोज्याचं बाहुलं करून भरवायचे. १९९२ पासून सोडायला लागले तर तरणी पोरं विजेच्या खांबांवर बसून मरायला लागली, म्हणून मोठ्या पिंजऱ्यात खोटे खांब उभे करून बसलं की हलका शॉक द्यायची सोय केली. आता काही शेकडा आहेत, निम्म्याहून जास्त मोकळे उडतात. पण मेलेल्या जनावरांतली शिशाची गोळी अजून मारते आहे त्यांना, रक्त तपासायला पुन्हापुन्हा पकडावं लागतं. म्हणजे सलाईन पूर्ण निघालेली नाही हे मान्य.

लुकलुक

सगळे कंडोरला वाचवल्याचं सांगतात, त्याच्या उवेचं कोण सांगणार? कंडोरच्या अंगावर एक खास ऊ होती, दुसऱ्या कुठल्या पक्ष्यावर न राहणारी. पकडून आणले तेव्हा सगळ्यांना औषध मारून स्वच्छ केलं. ती ऊ त्यात कायमची गेली असं मानतात.

टवाळखोर

दोन मिनिटं शांतता.

चिकित्सक

हसण्यावारी नेऊ नका, रोखठोकच्या पहिल्या प्रतिसादातला मुद्दा हाच होता की जनावर एकटं नसतं, त्याच्याबरोबर अख्खं बिऱ्हाड असतं. आपण मालक वाचवला आणि भाडेकरू मारला.

रोखठोक

चिकित्सक, धन्यवाद, एवढ्या धाग्यात कोणीतरी माझी बाजू घेतली. उवेची का होईना.

भटकी

काकस्पर्शांच्या परगावच्या मुद्द्याला धरून. मी हाँगकाँगला काही वर्षं राहत होते, तिथे ऑफिसच्या खिडकीतून पांढरेशुभ्र काकाकुवे दिसायचे, डोक्यावर पिवळा तुरा, आरडाओरडा इतका की फोनवर बोलता येऊ नये. हे मूळचे इंडोनेशियातले, तिथे पकडून विकल्यामुळे अतिशय दुर्मिळ झालेत. हाँगकाँगमधले पाळलेल्यांतून सुटलेले, पण आता दीडदोनशे तरी आहेत आणि जगातल्या एकूण रानटी संख्येचा तो मोठा हिस्सा आहे. ज्या पिंजऱ्यांच्या धंद्याने त्यांना घरातून संपवलं त्याच धंद्यातून सुटलेल्यांनी परदेशात संसार थाटला.

टेक्सासमध्ये काळवीट हजारोंनी आहेत. पाकिस्तानातून काळवीट संपला तेव्हा तिथल्या लाल सुहानरा राष्ट्रीय उद्यानात परत पैदाशीसाठी टेक्सासहूनच आणले होते. टेक्सासच्याच रांचेसवर (मोठ्या खाजगी कुरणांवर) तलवारशिंगी ओरिक्स पण भरपूर, शिकारीसाठी ठेवलेले. सहाराच्या काठावरून तो संपला होता. २०१६ पासून चाडमध्ये परत सोडला आणि २०२३ मध्ये रेड लिस्टमधला (कुठली प्रजाती किती धोक्यात आहे ह्याची जागतिक यादी) त्याचा शेरा 'जंगलात नामशेष' वरून 'धोक्यात' वर आला.

रोखठोक

भटकी, म्हणजे शिकारीसाठी वाढवलेला प्राणी म्हणजे संवर्धन? कैच्याकै. आणि उद्या सगळेच असे इकडचे तिकडे न्यायला लागले तर तिकडच्यांचं काय? ताहितीकडच्या बेटांवरच्या गोगलगायींचं वाचा. आफ्रिकेतली मोठी गोगलगाय माजली म्हणून तिला खायला १९७० च्या दशकात दुसरी शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिने मोठीला बाजूला ठेवून तिथल्या इवल्याशा पार्टुला गोगलगायी फस्त केल्या. मग उरलेल्या पार्टुला लंडनच्या प्राणीसंग्रहालयात प्लास्टिकच्या डब्यात. परका प्राणी आणून सोडणं ह्याच रोगाने अर्ध्या प्रजाती पिंजऱ्यात गेल्या आणि तुम्ही तोच उपाय सांगताय.

भटकी

पार्टुलांचं उदाहरण बरोबर आहे, पण अर्धवट सांगितलंत. त्या डब्यातल्या परत नेऊन सोडल्या, अंगावर रंगाचा ठिपका लावून, म्हणजे बिनठिपक्याची दिसली की समजायचं ही तिथेच जन्मली. आणि तशा दिसल्या! २०२४ मध्ये त्यातल्या एकीचा शेरा बदलला.

सरसकट काहीही कुठेही सोडा असं मी म्हणत नाहीये. ख्रिसमस बेटावरचा निळ्या शेपटीचा सरडा घ्या. तिथे बाहेरून आलेला साप माजला. २००९ च्या सुमारास उरलेले सरडे पकडून आणले, पैदास केली, पण परत सोडायचे कुठे? साप तिथेच आहे. मग २०१९ मध्ये कोकोस बेटांपैकी एका छोट्याशा बेटावर सोडले, जिथे साप नाही. घर पेटलंय तर पोराला शेजाऱ्याकडे ठेवाल ना? का घर विझेपर्यंत हातात धरून बसाल?

काकस्पर्श

भटकी +१. ग्वामचा खंड्या अगदी हेच. तपकिरी झाडसाप दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या सामानातून आला, बेटावरचे रानपक्षी जवळजवळ सगळे खाऊन टाकले. २९ खंडे पकडून आणले म्हणून वंश राहिला, रानातला शेवटचा १९८८. छत्तीस वर्षं पिंजऱ्यात काढल्यावर २०२४ मध्ये नऊ खंडे पाल्मिरा बेटावर सोडले, ग्वामपासून हजारो किलोमीटर लांब. ग्वामचा साप हटेपर्यंत तिथे रहा म्हणून.

रोखठोक

शेजाऱ्याकडचं उदाहरण पटलं, तेवढ्यापुरतं मागे घेतो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. ओमानचं काय झालं सांगा. अरबी ओरिक्स, रानातला शेवटचा १९७२ मध्ये मारला. अमेरिकेतल्या फिनिक्स झूमध्ये वगैरे कळप वाढवला, १९८२ मध्ये ओमानमध्ये सोडले, सगळीकडे टाळ्या, युनेस्कोचा जागतिक वारसा. मग चोरटी शिकार झाली, चारशेच्या वर गेलेले ६५ वर आले, सरकारने अभयारण्य नव्वद टक्के कापलं, आणि २००७ मध्ये युनेस्कोने यादीतूनच काढलं. पूर्ण यादीतून काढलेली ती जगातली पहिली जागा. पिंजऱ्यात असताना कोणाला त्या जमिनीची गरज वाटत नव्हती. 'आहे ना झूमध्ये' हे वाक्य फार घातक आहे हो.

गुरांचा_डॉक्टर

हे मात्र शंभर टक्के. माझ्याकडे ओरिक्सच होते, ओमानची बातमी आली त्या दिवशी केंद्रात कोणी जेवलं नव्हतं. फक्त एवढं जोडतो की इतर देशांत तो टिकला, २०११ मध्ये त्याचा शेरा 'असुरक्षित' झाला, जंगलातून संपलेला प्राणी तिथपर्यंत येण्याची ती पहिली वेळ. आणि ओमानच्या शिकाऱ्यांनी जिवंत पकडून विकलेलेही बरेच होते, म्हणजे पिंजऱ्यातून रानात गेलेला प्राणी परत पिंजऱ्यातच गेला.

शेवाळं

धरणाचा किस्सा राहिला. टांझानियात किहान्सी धबधबा. त्याच्या तुषारांत भिजणाऱ्या दोनेक हेक्टरांत एक पिवळा भेक राहायचा, अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा, तोही अंडी न घालता थेट पिल्लं देणारा. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांना सापडला आणि २००० मध्ये धरणाने पाणी वळवलं. तुषार बंद. ४९९ भेक विमानाने न्यूयॉर्कला नेले. मागे तिथे काय केलं माहितीये? डोंगरात पाइप टाकून तुषार सिंचन बसवलं, खोटा धबधबा. पुढे बुरशीचा रोग येऊन रानातले तरीही संपले. २०१२ पासून न्यूयॉर्कच्या भेकांची नातवंडं परत त्या खोट्या धबधब्याखाली सोडतात. आता ह्याला रान म्हणायचं का पिंजरा?

टवाळखोर

बाथरूम.

संपादक

टवाळखोर, हा धाग्यावरचा सहावा विनोद, कोटा संपला. बाकीच्यांनी चालू द्या.

जुनाजाणता

पूर लक्षात ठेवा म्हणालो होतो, विसरलात सगळे.

१९८५ मध्ये वोबर्नहून मिलू चीनला परत गेले, आणि कुठे तर नानहायझीलाच, जिथली भिंत फुटली होती तिथे. पुढच्या वर्षी दाफेंगला, समुद्रकाठच्या दलदलीत. नंतर यांगत्सेच्या काठी शिशौला एक कळप ठेवला, कुंपणात अर्थातच. १९९८ मध्ये यांगत्सेला महापूर आला, शिशौचं कुंपण पाण्याखाली गेलं आणि काही मिलू पोहत पसार झाले. मिलू उत्तम पोहतो, ते फाकलेले खूर पाणी-दलदलीसाठीच. सगळ्यांनी धरलं की मेले. पण ते नदीपलीकडे गेले, बोरूच्या रानात राहिले, व्याले. डोंगतिंग सरोवराकडे आज जे मोकळे कळप आहेत ते त्या पळपुट्यांचे. कोणी शिकवणी लावली नाही, बाहुलं केलं नाही, खोटे खांब उभे केले नाहीत. शेकडो वर्षं भिंतीआड काढलेल्या जनावराला कुठे जायचं ते कळलं.

डॉक्टरसाहेब, ह्याला तुमचं काय स्पष्टीकरण?

गुरांचा_डॉक्टर

चरणारं जनावर आणि शिकणारं जनावर ह्यात फरक पडतो. हरणाला गवत, पाणी आणि दलदल मिळाली की बरंचसं अंगातच असतं. कावळ्याला आईबापांकडून शिकायचं असतं, ती साखळी तुटली की गेलं. शिवाय मिलूला तिथे खाणारा वाघ उरला नव्हता हे विसरू नका, इओ असता तर बघितलं असतं. पण खरं सांगू, मी असतो तर त्या पुरात होडी काढून सगळ्यांना परत आत आणलं असतं.

रोखठोक

मिलूपुरतं मी 'नमुना' हा शब्द मागे घेतो. कावळ्यापुरता ठेवतो. भांडण अर्धं मिटलं.

अबोली_

बापरे, तीन दिवस लॉगिन केलं नाही तर एवढं. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा.

काल भाचीला जुनाजाणतांची पुराची गोष्ट सांगितली. तिने मधेच थांबवून विचारलं, जे पोहत गेले त्यांच्या शिंगात गवत होतं का? मी म्हटलं पूर बहुतेक उन्हाळ्यात होता, तेव्हा ते माजावर असतात, असेल. तिला एवढंच हवं होतं. आता तिने चित्र काढलंय, नदीत नुसती शिंगं आणि त्यावर गवत, खाली हरीण दिसतच नाही. उवेचंही सांगितलं, तर ती रडायलाच लागली, त्यामुळे लुकलुक, तुमच्याशी बोलायचंय.

शेवाळं, तुमच्या मादीचं काय झालं? घरात रोज विचारणा होतेय.

शेवाळं

आज पहाटे. अकरा पिल्लं, एक मेलेलं, दहा पोहतायत. जन्मतात तेव्हा पोटाखाली नाळेसारखे धागे लोंबत असतात, दिवसादोन दिवसांत झडतात, आत्ता अजून आहेत. आई खाऊ नये म्हणून जावा मॉसचा मोठा गोळा टाकलाय, त्यात सगळी दडून बसलीत. एक मात्र दडत नाहीये, काचेला बोट लावलं की पुढे येतंय.

डॉक्टर, तुमचं कडीवालं वासरू आठवलं. बोट काढून घेतलं आणि टाकीच्या पुढच्या काचेला पुठ्ठा लावला.